क्रेडिट कार्डाची बैठक

रायपुरात आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मालूआत्याला कोणाचाही फोन येवो, ती आधी विचारते, "गाव कोणतं?" मग घरी कोण कोण, भाऊ किती, बहिणींची लग्नं झाली का. विमा विकणारी पोट्टी असो की गॅसवाला, सुटका कोणाचीच नाही.

सत्तरीची बाई, शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटीच. पण तिचा खरा जीव लग्नाच्या बैठकीत. रायपुरातल्या कुठल्याही मराठी घरी सोयरीक जुळली आणि देण्याघेण्याची बोलणी निघाली, की मुलीकडून मालूआत्या बसणार. पैसा घेत नाही, साडी घेत नाही. नियम एकच, पहिला आकडा आपण काढायचा नाही. "जो आधी बोलला, तो गेला," असं म्हणून ती चष्मा पुसत बसते. समोरचा बिचारा किती वेळ चष्मा पाहणार? बोलून जातो.

तर नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि माझी मती फिरली. चौकाचौकात बँकांची टेबलं लागली होती. टाय लावलेल्या एका पोट्ट्यानं मला 'सर' म्हटलं. मंत्रालयातल्या बाबूला आजवर सर कोण म्हणालं होतं? मी क्रेडिट कार्डाच्या फॉर्मवर सही करून मोकळा! फ्रिज आला, सोफा आला, पोरीला कॉम्प्युटर आला. साठ हजारांचं सामान, आणि व्याज, दंड, दंडावर व्याज करत आकडा गेला सव्वा लाखावर. मग फोन सुरू झाले. शेवटी वसुलीवाल्यानं कळवलं की सोमवारी तो ऑफिसातच येणार. साऱ्या सेक्शनसमोर माझ्या टेबलाशी वसुलीवाला! बायको, सुनंदा, रडत रडत बांगड्या काढायला बसली.

भिंतीपलीकडे आत्याला सगळं ऐकू जातं. ती आलीच. "काहून रडून राहिली वो सुनंदा?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. छे! बाई खुलली. "म्हणजे मुलाकडचे लोक आहेत. मागतच राहतील. त्याले रविवारी घरी बोलाव. ऑफिसात कुठं बैठक होते काय?"

"आत्या, हे लग्न नाही. बँक आहे."

"तुले काय समजते? देणंघेणं आहे ना? मग झालं!"

रविवारी साहू नावाचे चाळिशीचे गृहस्थ बॅग घेऊन आले. आत्यानं सतरंजी घातली होती. पोहे आले, वर जलेबी आली. "कौन गाव के हो भैया?"

"बेमेतरा तरफ के, दीदी."

"बेटियां कितनी?"

"दो."

"हव. तो समझोगे."

साहूजींना काय चाललंय ते कळेना, पण पोहे चांगले होते. मी कोपऱ्यात मुलीच्या बापासारखा मान खाली घालून बसलो होतो. तसा हुकूमच होता, शिवाय बोलायचीही बंदी. आत्या चष्मा पुसत राहिली आणि साहूजी आधी बोलले, सव्वा लाख. "ब्याज भी आपका, दंड भी आपका, तो हमारी सुनंदा के लिए क्या बचा?" असं म्हणत तिनं त्यांना दोनदा साहेबाला फोन लावायला लावला आणि सत्तर हजारांवर आणलं. मी पाहतच राहिलो. पण माझ्या पीएफमधून साठच निघत होते. साठच्या वर एक रुपया नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं.

"सत्तर के नीचे मेरे हाथ में नहीं है, दीदी." साहूजींनी बॅग बंद केली आणि उठले.

मला वाटलं, आता खरी मजा. आत्या त्यांना दारापर्यंत जाऊ देणार आणि ते परत येणार. पण आत्याचा चेहरा एकदम उतरला. "बैठो भैया, बैठो! उठना नहीं. सत्तर पक्का. ऊपर के दस मैं दूंगी."

मग मात्र ती सावरली. आधी बँकेच्या कागदावर लिहून आणा, मग पैसे, अशी अट घातली. चार दिवसांनी कागद आला, तर त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावून मगच मला पैसे भरू दिले. आठवड्यानं बाकी काही नसल्याचं पत्रही आलं. सुनंदाच्या बांगड्या हातातच राहिल्या. मी त्या रात्री लहान पोरासारखा झोपलो.

पण ते दहा हजार काही डोक्यातून जाईनात. सुनंदाला घेऊन आत्याचा पहिला हप्ता परत करायला गेलो तेव्हा विचारलंच, "आत्या, तू असं काहून केलं? तो दारातून परत आला असता."

"आला असता. नसता आला तर?"

आत्या खिडकीतून गल्लीकडं पाहत होती.

"माझी बैठक झाली होती ना रे. महासमुंदचे लोक होते. दोनशे रुपयांवर अडलं. दादा म्हणे, उठू दे, दारातून परत येतील. मी आतून ऐकून राहिले होते. ट्यूशनचे अडीचशे रुपये होते माझ्याजवळ, डब्यात. डबा हातात घेऊन उभी होते. पण मुलीनं बाहेर येऊन बोलाची रीत नव्हती."

सुनंदानं तिचा हात धरला.

"पोरगा चांगला होता," आत्या म्हणाली. "फाटकाशी थांबला होता थोडा वेळ."