सत्तावीस गोळ्या आणि एक खोखा

विनायकराव सरदेसाई सकाळपासून चौथ्यांदा बाथरूमला जाऊन आले आणि पुन्हा खिडकीशी उभे राहिले. टेबलावर पोहे गार झाले होते, वरची शेव मऊ पडली होती. उज्जैनमध्ये माणूस पोह्यांकडे पाठ फिरवतो म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"अहो, बसा ना एका जागी. फरशी झिजेल," सुलभाकाकू म्हणाल्या.

"तुला काय होतंय बोलायला! आज अकरा वाजता माझी अब्रू जाणार आहे."

अब्रूच्या मागे लागला होता अनय, त्यांचा पुतण्या. बँकेत नोकरी करून हा पठ्ठ्या इंटरनेटवर व्हिडिओ गेमचा कार्यक्रम करी. त्याचा नवा विषय होता, फौजी गेममधल्या बंदुका कितपत खऱ्या असतात. त्याला जाणकार हवा होता आणि घरातच काका होते. त्याने विचारलंसुद्धा नाही, परस्पर जाहीर करून टाकलं : बत्तीस वर्षं शस्त्रांमध्ये काढलेले आमचे फौजी काका!

वर्षं बत्तीसच होती. शस्त्रंही होती. काका तेवढे फौजी नव्हते. ते जबलपूरला शस्त्रांच्या डेपोत स्टोरकीपर होते. मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, सही करायची. निवृत्तीनंतर माधव नगरात घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, "कुठे होता?" ते म्हणाले, "जबलपूरला, शस्त्रांच्या डेपोत." पुढचं सगळं लोकांनी आपापलं जोडून घेतलं. त्याच वर्षी खंडेनवमीला मराठी समाजाच्या हॉलमध्ये शस्त्रपूजा त्यांच्या हातून झाली, आणि मग बारा वर्षं तोच पायंडा पडला. पूजेनंतर ते भाषण करत. त्या भाषणात 'आम्ही जवान' फार वेळा येई. आता याला खोटं म्हणायचं का? विनायकराव म्हणत, नाही. काकू म्हणत, सरळ सरळ हो.

गुरुवारी अनयचा फोन आला होता.

"काका, गजब झालं! एक असली सुभेदार पण मिळून गेले. सुहास इंगळे, रिटायर्ड. तुम्ही दोघं आमने-सामने. मजा येणार यार!"

"कशाला उगाच त्यांना त्रास..."

"अरे काका, टेन्शन नका घेऊ. फक्त सांगायचं, गोळी मारली की खांद्याला झटका कसा बसतो. तुम्ही तर हजारदा मारली असेल!"

विनायकरावांनी आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती. झटका कसा बसतो हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना आत्ता बसला तेवढाच.

शुक्रवारी दुपारी ते कोणाला न सांगता रिक्षाने कार्तिक मेळ्यात गेले. क्षिप्रेच्या काठावर झुले नुकतेच सुरू होत होते. फुगे फोडायच्या स्टॉलवर त्यांनी छर्‍यांची बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि दहा छर्रे मारले. फुगे जिथल्या तिथे राहिले. नववा छर्रा शेजारच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या बादलीला लागला.

स्टॉलवाला हात जोडून म्हणाला, "बाबूजी, निशाना लगाते टाइम एक आँख बंद करते हैं. आप तो दोनों कर रहे हो!"

मागे आकाशपाळण्याच्या रांगेत कोणीतरी खो खो हसलं. विनायकरावांनी वळून पाहण्याची हिंमत केली नाही. घरी येऊन त्यांनी सगळं काकूंना सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय राहवेना. काकू इतक्या हसल्या की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरणाचं पार पिठलं झालं.

आणि आज, रविवारी, अकराच्या ठोक्याला अनय कॅमेरा, दिवे, लॅपटॉप घेऊन दिवाणखान्यात हजर. पाठोपाठ सुभेदार इंगळे आले. ताठ, पिळदार मिशा, आवाज खर्जातला. त्यांनी विनायकरावांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावरचा जवान एसएलआर रायफल घेऊन भिंतीआडून धडाधड गोळ्या झाडू लागला. सुभेदार म्हणाले, "आवाज ठीक आहे. पण पळता पळता निशाणा? झूठ. आणि झटका तर बिलकुल नाही. असली एसएलआर खांदा सुजवून सोडते. काय काका?"

कॅमेरा काकांकडे वळला. त्यांच्या कपाळावर घाम आला. पण डोळे पडद्यावरून हलले नव्हते आणि ओठ मघापासून पुटपुटत होते.

"सत्तावीस," ते म्हणाले.

"काय सत्तावीस?"

"त्यानं सत्तावीस गोळ्या मारल्या. एसएलआरच्या मॅगझिनमध्ये वीस मावतात. वरच्या सात कुठून आणल्या?"

अनयने व्हिडिओ मागे नेऊन सावकाश चालवला. सत्तावीस! गेमवर सहा महिने घालवलेला अनय आ वासून बघत राहिला. आणि विनायकरावांना जो चेव चढला, तो काय विचारता.

"आणि ते मॅगझिन फेकलं बघ! उचल म्हणावं."

"काका, लढाई चालू आहे."

"असू दे. सरकारी माल आहे. रिकामी काडतुसं कुठे गेली? जमिनीवर पडली आणि गायब! कोण गोळा करणार? हा पोरगा रेंजवरून परत आला तर हिशेब काय देणार? रायफल कोणी दिली, सही कुठाय? सगळं खोटं आहे. असली फौज जगात नाही!"

सुभेदार खुर्चीत गदगदा हसत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अनय "सुपरहिट, सुपरहिट" म्हणत सामान आवरून पळाला, कारण व्हिडिओ संध्याकाळी टाकायचा होता.

सुभेदार मात्र उठले नाहीत.

"काका, जबलपूरच्या डेपोत स्टोरवर होतात ना?"

विनायकरावांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हो. कधी गोळी झाडली नाही. एकसुद्धा."

"ते मला शुक्रवारीच समजलं. आकाशपाळण्याच्या रांगेत मी नातवाला घेऊन उभा होतो."

"मी सांगून टाकतो समाजात. पूजा आता तुम्ही करा."

"रुका. चौऱ्याण्णव साल. जून महिना. आमच्या प्लॅटूनचं फायरिंग झालं आणि रिकामी काडतुसं, म्हणजे खोखे, जमा करायला आम्ही तुमच्याकडे आलो. पाचशेपैकी एक खोखा कमी होता. तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, 'एक कमी. स्वीकारता येत नाही.' तीन दिवस, भर उन्हात, आम्ही तीस जवान गवतात हात घालून शोधत होतो. मघा 'कोण गोळा करणार' म्हणालात आणि मी आवाज ओळखला."

विनायकराव खुर्चीच्या कडेला आले. "सापडला नाही तो. माझ्या रजिस्टरला बत्तीस वर्षांत तेवढा एकच डाग राहिला. किती दिवस झोप नव्हती मला."

सुभेदारांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. तिच्या कडीला एक पितळी काडतूस लटकत होतं, हाताळून गुळगुळीत झालेलं.

"माझ्या बुटात होता. आठवड्यानं सापडला. घेऊन यायचा धीर झाला नाही. साहेब, आम्ही दुश्मनाला एवढं नाही घाबरलो, जेवढं तुम्हाला. पूजा तुम्हीच करायची. मी बाजूला उभा राहतो. फक्त हा एक जमा करून घ्या आणि मला सोडा."

विनायकरावांनी काडतूस हातात घेतलं, बूड उजेडाकडे धरून आकडे वाचले. मग त्यांनी खिसा चाचपून पेन काढलं, कागद मागवला आणि ठळक अक्षरात लिहिलं : रिकामं काडतूस, एक. एकतीस वर्षं उशिरा मिळालं. मोजणी पूर्ण. खाली तारीख घालून त्यांनी झोकात सही केली.

सुभेदारांनी पावती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि उभे राहून कडक सॅल्यूट ठोकला. विनायकरावांना आयुष्यात मिळालेला तो पहिलाच. काय करावं हे न सुचून त्यांनी नमस्कार केला.

काकू चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, "सही करताना तरी डोळे उघडे होते ना?"

विनायकरावांनी डोळे पुसले आणि सकाळचे गार पोहे पुढ्यात ओढले.