पालथा थोर

समजा, तुम्ही जहाजात बसला आहात. एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला शेळ्या आणि समोर आइसलँडचा किनारा, अजून कोणीही न राहिलेला. आल्फदीस अशीच बसली होती आणि गाय तिची वेणी चघळत होती.

तिच्या बाबांनी, म्हणजे ग्रिमकेलनी, नॉर्वेतल्या घरातल्या मानाच्या आसनाचा खांब उपटून आणला होता. त्यावर थोर कोरलेला. मेघगर्जनेचा हा देव दाढीवाला, हातात हातोडा घेतलेला, डोळे वटारलेला. किनारा दिसताच बाबांनी खांब समुद्रात लोटला.

"थोर जिथं लागेल तिथंच आपलं घर! शब्द म्हणजे शब्द."

"अहो, समोर एवढं हिरवं कुरण दिसतंय," आई म्हणाली. "जरा तिकडे तरी ढकलायचा!"

"देवाला रस्ता दाखवतेस?"

देव लागला तो एका खडकाळ बेटावर. गवताची काडी नाही, नुसते भांडखोर समुद्रपक्षी. देवाला हलवू नये म्हणून बाबांनी खांब पडला तसाच ठेवला आणि शेजारी तंबू ठोकला. पक्षी टकलावर चोची मारू लागले, म्हणून बाबा डोक्यावर पातेलं घालून फिरू लागले. पातेलं एकच, त्यामुळे बाबा बाहेर पडले की चूल बंद!

एकदा बाबा तंबूत असताना आईने घाईघाईने जवाची पेज केली. ती निवत होती, तेवढ्यात उपाशी शेळीने तंबूचा दोर खाल्ला. तंबू कोसळला. बाबा धडपडत बाहेर आले, पक्षी तुटून पडले, आणि बाबांनी सवयीने पातेलं उचलून डोक्यावर घातलं. पेजेसकट. आतली लाकडी पळी उडाली ती थेट समुद्रात.

"पेज गेली, पळी गेली," आई कडाडली. "आता चाऱ्यावाचून गाय जाईल. मग हिवाळ्यात काय, हा खांब चघळायचा?"

"शब्द दिलाय गं," बाबा पुटपुटले. दाढीतून पेज ठिबकत होती.

आल्फदीस मात्र पळीकडे बघत होती. भरतीचं पाणी तिला डुलत डुलत हिरव्या किनाऱ्याकडे नेत होतं. मग तिने खांबाकडे पाहिलं.

"बाबा, थोर पालथा पडलाय."

"मग?"

"त्याचं तोंड शेवाळात आहे. त्याने ही जागा पाहिलीच नाही!"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!"

"अहो, खरंच की," आई म्हणाली. "पाहुण्याला पालथं पाडून कोणी विचारतं का, जागा आवडली का म्हणून?"

बाबांनी खांब उलटा केला. देवाच्या नाकात शेवाळ, डोळ्यावर खेकडा.

"अरेरे! माफ कर, देवा. उद्या पुन्हा सोडू, उताणा."

"उद्या नको, बाबा. आत्ता! पाणी चढतंय तोवर."

खांब निघाला, मागोमाग जहाज. आणि थोर लागला तो थेट कुरणाखालच्या वाळूत, आभाळाकडे तोंड करून! गाय उडी मारून गवतात घुसली.

"पाहिलंत? थोर चुकत नाही!" बाबा गरजले. तेवढ्यात गडगडाट झाला. सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. बाबांचं पोट होतं ते.

"अगं बाई, माझी पळी!" आई ओरडली. "ही आपल्याआधी इथं कशी?"

"थोराने पुढे धाडली," बाबा भक्तिभावाने म्हणाले.

आल्फदीसने भरतीच्या पाण्याकडे पाहिलं. तिने पळी धुतली आणि नवी पेज होईपर्यंत धरून बसली. मग पहिली पळी थोराच्या ओठांना लावली, दुसरी काठोकाठ भरली आणि लहान तोंडाने चांगला मोठ्ठा घास घेतला.