सरकती टाकी

"हा चहा आहे की टायर धुतलेलं पाणी!"

फोरमन हे कुणाला ऐकवायला म्हणाला नव्हता. कप तोंडाशी नेऊन त्या कपालाच म्हणाला होता. पण कँटीनची खिडकी जेमतेम दीड हात रुंद, शेगडी खिडकीला चिकटलेली, आणि मावशीचे कान असे की पलीकडच्या शेडमध्ये नट खाली पडला तरी किती नंबरचा ते ती सांगेल!

"टायर धुतलेल्या पाण्यात साखर नसते," मावशी आतून म्हणाली. "उद्यापासून तेच देईन."

फोरमनने उरलेला चहा एका दमात संपवला आणि रिकामा कप पुढे सरकवला. "अजून अर्धा दे."

अठरा वर्षं मावशी बस डेपोच्या या कँटीनमध्ये चहा करत होती. अठरा वर्षांत एकाही माणसाने 'छान झालाय' म्हटलं नव्हतं. पांचट, कडू, गार, गोडमिट्ट! एका वायरमनने तर एकाच कपाला या चारही शिव्या घातल्या होत्या. आणि तिसरा कप मागितला होता.

त्या दिवशी मात्र कुरकुर करायलाही कुणाला फुरसत नव्हती. डेपोच्या डिझेल टाकीचा परवाना संपत आला होता आणि नव्या मंजुरीसाठी तपासणी होती. वाळूच्या बादल्यांना लाल रंग लागला होता. 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाटीवरची जळमटं निघाली होती आणि पाटीच्या खाली पडलेली थोटकंही. मॅनेजर नवा शर्ट घालून अंगणाच्या मधोमध उभा होता.

"पंधरा मिनिटं!" त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "पंधरा मिनिटांत मंजुरी हातात! गेल्या वेळचे साहेब माझ्या केबिनमधून उठलेसुद्धा नव्हते. माणूस ओळखून बोलावं लागतं, त्याला अक्कल लागते."

"आणि ती बाब?" फोरमनने हळूच विचारलं.

"ती बाब काढायची नाही."

'ती बाब' काय, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडाने कुणीच बोलत नव्हतं. चार वर्षांपूर्वी नवा नियम आला होता: टाकीच्या तोंडापासून पंधरा मीटरच्या आत उघडी ज्योत नको. टाकी अंगणात, जमिनीखाली. तिचं लोखंडी झाकण खिडकीतून समोर दिसायचं. एका दुपारी अंगणात चिटपाखरू नसताना मावशीने दोरीने मोजलं होतं. झाकणापासून शेगडीपर्यंत अकरा मीटर. दोरी गुंडाळून तिने पिठाच्या डब्यामागे लपवली, आणि आपल्याशिवाय हा आकडा कुणाला माहीत नाही असं समजून ती चालली. फोरमनने, वायरमनने आणि गेटवाल्यानेही तेच केलं होतं, तेच समजून!

शेगडी दुसरीकडे न्यायची म्हटली तर जागाच नव्हती. एकीकडे गाड्या धुवायचा धक्का, दुसरीकडे वर्कशॉप. आणि मुख्य ऑफिसचं पत्र येऊन पडलं होतं की कँटीन हलवायची वेळ आली तर ती बंदच करा, चहाचं मशीन पाठवतो. बटण दाबलं की चहा. मशीनला शिव्या घातल्या तर ते उलट उत्तर देत नाही. असल्या चहाला काय चव!

ठरल्या वेळेला इन्स्पेक्टर आल्या. मॅनेजर मोठ्या गाडीची वाट बघत गेटाकडे डोळे लावून बसला होता, आणि बाई प्रवाशांच्या बसमधून उतरून त्याच्या मागे येऊन उभ्याही राहिल्या होत्या! जेमतेम पाच फूट उंची, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी.

"मॅडम, आधी केबिनमध्ये बसू, चहा..."

"आधी टाकी."

एवढंच बोलल्या. पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी जे केलं ते बघून डेपोने तोंडात बोटं घातली. पंपाच्या नळीवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही मधे चिरली आहे." चिरली होती! वाळूची बादली हाताने उचलली आणि म्हणाल्या, "खाली खडी आहे, वर चार बोटं वाळू." फोरमन कानापर्यंत लाल झाला, बादलीसारखाच. एका ड्रायव्हरजवळून जाता जाता त्यांनी त्याच्याकडे न बघता हात पुढे केला. त्याने मुकाट्याने खिशातला लायटर काढून दिला. खिडकीतून बघणाऱ्या मावशीने आपोआप शेगडी बंद केली.

मग बाई टाकीच्या झाकणाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. वर्कशॉपमधलं यंत्र थांबवायला लावलं. तळहात जमिनीवर टेकला.

"इथं खाली वीस हजार लिटर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही रोज यावरून चालता. हसता, भांडता. डिझेल पटकन पेटत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण एकदा पेटलं, की मग ते कुणाचं ऐकत नाही. आता बसलंय शांत. शंभर गाड्या, हजारो माणसं रोज याच्या जिवावर घरी पोचतात. थोडा मान ठेवावा माणसाने."

अठरा वर्षं त्या झाकणावरून ट्रे घेऊन जाताना मावशीला ते फक्त अडखळायचं एक ठिकाण वाटलं होतं. आज तिला ती टाकी पहिल्यांदा दिसली. जमिनीखाली, अंधारात, एखाद्या भल्यामोठ्या जनावरासारखी, न हलता झोपलेली.

"आता अंतर," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून टेप काढली.

मॅनेजर नव्या शर्टाच्या बाहीने कपाळ पुसू लागला.

टेपचं टोक झाकणावर धरायला वायरमन पुढे झाला. बाई टेप उलगडत कँटीनमध्ये शिरल्या आणि शेगडीपाशी वाकल्या. इकडे मावशीला खिडकीतून दिसलं, की वायरमन टोक हातात धरून उकिडवाच्या उकिडवा, खेकड्यासारखा मागे मागे सरकत चाललाय! झाकण राहिलं पुढे, आणि हा पोचला पंपाच्या खांबापाशी.

"सोळा मीटर," बाई म्हणाल्या.

मॅनेजरने रोखलेला श्वास सोडला. "बघा! मी म्हणालो होतो..."

"नियमाने उलट बाजूनेही मोजायचं असतं."

या वेळी बाई झाकणापाशी थांबल्या आणि टोक घेऊन फोरमन कँटीनमध्ये आला. वायरमनचे प्रताप त्याने पाहिले नव्हते. शेगडीपाशी तो थांबलाच नाही. मावशीच्या अंगावरून, पिठाच्या डब्यावरून, मागच्या दाराने टेप बाहेर घेऊन गेला!

"अरे मेल्या, कुठे चाललास?" मावशी कुजबुजली.

"गप. पाणचट का असेना, चहा आहे," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"एकोणीस!" बाहेरून आवाज आला. मग, "असं कसं? एखादा खात्रीचा माणूस द्या बघू मला."

डेपोत खात्रीचा माणूस एकच, गेटवाला. सापडलेली छत्री मालकाला द्यायला रजा टाकून गेलेला माणूस! आणि मावशीच्या चहाशी त्याचं काडीचंही देणंघेणं नव्हतं. साखरेचा आजार, सात वर्षं तो तिच्याकडून नुसतं गरम पाणी नेत असे. मावशीने मनात म्हटलं, सुटले. आता काय ते खरं होईल.

गेटवाला टोक घेऊन आत आला. शेगडीकडे बघितलं. मावशीकडे बघायचं टाळलं. आणि ताठ मानेने, छाती काढून, मागच्या दाराने बाहेर पडून थेट सायकली लावायच्या भिंतीपर्यंत गेला.

"बावीस."

बाई सावकाश रंगवलेल्या बादलीच्या काठावर टेकल्या. "सोळा. एकोणीस. बावीस." त्यांनी आकडे पुन्हा वाचले. "एकतीस वर्षं नोकरी झाली. गळकी टाकी पाहिली, गंजलेली पाहिली. दर मापाला तीन मीटर सरकणारी टाकी आजवर पाहिली नाही."

आता तरी कुणीतरी खरं बोलायचं! पण खरं बोललं की अकरा मीटर, आणि अकरा मीटर म्हणजे मशीन. मॅनेजर पुढे झाला.

"हो, मॅडम. जराशी... हलते ती."

"हलते?"

"पावसाळ्यात जास्त," वायरमन म्हणाला.

"मला पायाला जाणवतं कधीकधी," फोरमनने री ओढली. "गुदगुल्या झाल्यासारखं."

सगळ्यांनी गेटवाल्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटले. "आवाज करते," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की आता हा इथेच कोसळणार.

बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचा यावर विश्वास बसला होता, की त्या कशाची तरी वाट बघत होत्या, ते मावशीला कळेना. मग त्यांनी पेन काढलं.

"मग काम मोठं आहे. पंप आत्ता, या मिनिटाला सील. टाकी रिकामी करायची. अख्खं अंगण खणायचं. जमीन स्थिर असल्याचा दाखला आणायचा. मंजुरी त्यानंतर."

"त्यानंतर म्हणजे?" मॅनेजरचा आवाज पार खोल गेला होता.

"सहा महिने धरा."

मॅनेजरच्या पायाखालची जमीन सरकली, या वेळी अगदी खरोखर! तोवर दुपारच्या फेऱ्या संपवून गाड्या डिझेलसाठी आत येऊ लागल्या होत्या. एक, तीन, सात. मागच्याने हॉर्न दिला. बाईंनी पिशवीतून सीलची तार काढली. आणि तरीही चौघे तसेच उभे! मूग गिळून, हाताची घडी घालून, चार माणसं सबंध डेपोचा गळा दाबत उभी होती. एका शेगडीसाठी.

खिडकीत मावशीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. जन्मभर जिच्या चहाला नावं ठेवली, तिच्यासाठी वायरमन खेकडा झाला होता. गेटवाला, ज्याने तो चहा सात वर्षांत चाखलाही नव्हता, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलून बसला होता, आणि ते पण किती भिकार! तिला हसू आलं. माणसांच्या पोटात खोल काय काय साठलेलं असतं! वरून चालणाऱ्याला पत्ता नसतो.

तिने गॅसची टाकी बंद केली. नळी काढली. हात पुसले आणि ती अंगणात आली. चौघांनी एकदम मान हलवली. नको, नको. फोरमन तर पुटपुटलासुद्धा, "मावशे, आत जा. दूध उतू जाईल."

"शेगडी बंद आहे," ती म्हणाली.

बाईंनी तार हातातच ठेवली आणि मान वर केली.

मावशी झाकणाच्या कडेला जाऊन थांबली. त्यावर पाय द्यायला आज तिचं मन झालं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "टाकी कुठेच जात नाही. जायला हवं ते माझ्या शेगडीने. अकरा मीटरवर आहे ती."