वेळेआधी तयार झालेला सोफा

सोमवारी सकाळी सोफावाल्यांनी मुख्याध्यापिका बाईंचा तीन जणांचा सोफा पालथा घातला, बारक्यानं खालचं कापड टराटरा फाडलं, आणि स्प्रिंगांमधून एक प्लॅस्टिकची पिशवी खाली लोंबकळली. पिशवीत पाच पुडकी होती. नोटांची.

बारक्या म्हणजे सोफावाल्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. हे नाव पडलं तेव्हा तो बारीक होता. आता त्याला एका सोफ्यात दीड जागा लागायची. अठरा वर्षं दोघं एकाच दुकानात काम करत होते, आणि त्यांचं भांडण झालंच तर पंखा किती जोरात ठेवायचा यावरून व्हायचं.

"बाईंना फोन करायला हवा," सोफावाले म्हणाले.

"करायलाच हवा," बारक्या म्हणाला.

फोन दोघांच्याही खिशात होता. काढला कुणीच नाही.

"भावजी, बाईंना माहीत असेल का हो?"

"माहीत असतं तर पैशांसकट सोफा दिला असता का?"

"म्हणजे त्यांचं तसं काही हरवलेलंच नाही."

"नाहीच. मग सांगून उगाच जिवाला घोर कशाला लावायचा त्यांच्या?"

बाईंची एवढी काळजी वाहून झाल्यावर दोघांनी वाटणीला हात घातला. दोन-दोन पुडकी झाली आणि पाचव्यापाशी गाडी अडली. कापड बारक्यानं फाडलं होतं. दुकान सोफावाल्यांचं होतं. पुडकं सोडून अर्धं-अर्धं करावं हे दोघांनाही सुचलं, पण तसं बोलून दाखवणं म्हणजे आपला हक्क कच्चा असल्याची कबुली! शेवटी निकाल लागेपर्यंत पैसे होते तिथेच ठेवायचं ठरलं. सोफावाल्यांनी पिशवी आत ठेवून काळ्या दोऱ्यानं टाके घातले. बारक्यानं त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं घातले.

"विश्वास नाही का रे माझ्यावर?"

"पूर्ण आहे, भावजी. म्हणून तर तुमचे टाके उसवले नाहीत."

आठवड्याचं काम या दुकानातून दोन महिन्यांनी मिळायचं, ही साऱ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट. पण आता दुसऱ्याला सोफ्यापाशी एकटं सोडायची सोय नव्हती. चहाला जायचं तर दोघांनी, हात धुवायला जायचं तर दोघांनी. नुसतं बसून तरी किती वेळ एकमेकांची तोंडं बघणार? दोघांनी काम सुरू केलं. वरची बाजू उघडून स्प्रिंगा घट्ट केल्या, नवा फोम घातला, निळं कापड ताणून बसवलं. सोफावाल्यांनी कडेची पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल किनार, अशी सरळ शिवली की शिवून झाल्यावर तेच दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. असं काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मंगळवारी दुपारी बायको डबा घेऊन आली, तर नवरा सोफ्याच्या एका टोकाला आणि भाऊ दुसऱ्या टोकाला.

"काय झालं?"

"कुठे काय?" दोघं एकदम म्हणाले.

तिनं नवऱ्याला सोडलं आणि भावाकडे पाहिलं. लहानपणापासून बारक्या त्या नजरेपुढे कधी टिकला नव्हता. डब्याचं झाकण उघडायच्या आत सगळं बाहेर आलं.

"शी! लाज नाही वाटत?" ती म्हणाली. मग डबा खाली ठेवून तिनं विचारलं, "पाच ना? मग भांडता कशाला? दोन यांना, दोन तुला, एक मला."

"वा ताई! म्हणजे तुमच्या घरात तीन!"

"मी तुझी सख्खी बहीण आहे."

"पण राहतेस भावजींच्या घरात!"

गुरुवार उजाडला तरी पाचवं पुडकं अधांतरीच होतं. आणि गुरुवारी सकाळी मुख्याध्यापिका बाई टेम्पो घेऊन दारात हजर! सोफा झाला नसणार, चांगलं फैलावर घ्यायचं, अशा तयारीनंच त्या आल्या होत्या. समोर तयार सोफा बघून त्या थबकल्या.

"चार दिवसांत? कमाल आहे तुमची!"

"अजून थोडं बाकी आहे, बाई," सोफावाले घाईघाईनं म्हणाले. "स्प्रिंग जरा बोलते."

बाईंनी बसून पाहिलं. स्प्रिंग गप्प होती. टेम्पोवाल्यानं दोघांनाच हात लावायला सांगितलं, आणि पाच पुडकी घाम गाळत उचलून या मेहुण्यांनी स्वतःच गाडीत चढवली.

शुक्रवारी दहा वाजता सोफावाले हत्यारांची पिशवी घेऊन बाईंच्या जिन्यात पोचले, तर वरच्या पायरीवर बारक्या. त्याच्याही हातात पिशवी.

"इकडे कुठे?"

"स्प्रिंग बघायला. तुम्ही?"

"स्प्रिंगच."

मागून चपला वाजल्या. ताई धापा टाकत वर येत होती. तिच्या काखेत एक उशी होती. "सोफ्यावर भेट म्हणून," असं कुणी न विचारताच तिनं सांगितलं.

बाईंनी तिघांना आत घेतलं. बारक्यानं सोफा आडवा केला, कात्री काढली आणि टाक्यांना लावली. आता पिशवी बाहेर येणार आणि बारक्याच्या शर्टात जाणार, हे सोफावाल्यांना लख्ख दिसलं. तसं होण्यापेक्षा काहीही परवडलं.

"बाई, सोफ्यात पैसे आहेत!" ते ओरडले.

"मी तेच दाखवायला कापत होतो!" बारक्या म्हणाला. "लपवले यांनी!"

"मी तर पहिल्या दिवसापासून सांगतेय, बाईंना द्या म्हणून," ताई म्हणाली.

पिशवी निघाली. बाईंचे डोळे भरून आले. अशी प्रामाणिक माणसं आजकाल मिळत नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि तिघांनी माना खाली घातल्या. मग बाई बराच वेळ पुडक्यांकडे बघत राहिल्या.

"खरं म्हणजे सोफा माझा नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या नणंदेचा. घर बदलेपर्यंत इथे ठेवलाय. फाटका दिसत होता म्हणून मीच आपल्या खर्चानं... आजवर त्यांच्यासाठी मी किती खर्च केलाय, काही विचारू नका. त्यांना कधी त्याची जाण नाही." मग त्यांनी विचारलं, "हे आपल्या चौघांनाच माहीत आहे ना?"

तेवढ्यात फोन वाजला. नणंदच होती. नवं घर लागलं होतं, सोफा न्यायचा होता. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईंनी एकदा पुडक्यांकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"वन्सं, मन घट्ट करा. सोफ्याला वाळवी लागली होती. जाळावा लागला."

पलीकडून जो आवाज आला तो चौघांनाही ऐकू गेला. "जाळला? अगं, त्यात माझे पैसे होते! राख दाखव मला. आलेच मी वीस मिनिटांत!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मग बारक्यानं सोफ्याकडे पाहिलं, मागच्या अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, "काडेपेटी कुठे असते, बाई?"

बाईंनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. ताईनं सोफ्याचं एक टोक धरलं. "अहो, बघत काय उभे राहिलात? उचला!"

सोफावाल्यांनी दुसरं टोक धरायला हात घातला आणि तो पायपिंगवर पडला. कुठे चुणी नाही, कुठे टाका वर आलेला नाही. त्यांनी हात मागे घेतला, सोफा सरळ केला आणि त्यावर फतकल मारून बसले.

"पैसे काय हवे ते करा," ते म्हणाले. "याला काडी लावायची असेल तर आधी मला लावा."

"अहो, वन्सं येताहेत!" बाई म्हणाल्या.

"येऊ देत." त्यांनी बाईंचा फोन घेतला आणि नणंदेला लावला. "मॅडम, मी सोफावाला बोलतोय. सोफा शाबूत आहे. पैसेही आहेत. सावकाश या."

नणंद आली. पुडकी तिनं पर्समध्ये कोंबली, भावजयीकडे डोळे वटारून पाहिलं आणि सोफ्यावर हात फिरवला. सोफावाले श्वास रोखून उभे होते.

"हा निळा रंग कुणी निवडला?" तिनं नाक मुरडून विचारलं.

तिघांनीही बाईंकडे बोट दाखवलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.