मनकर्णाबाईंच्या रस्त्यावर झालेलं एकमत

मनकर्णाबाईंच्या उसाकडे जाणारा गाडीरस्ता त्यांच्या चुलत दिरानं एका सकाळी नांगरला आणि त्यावर जनावरांसाठी घास पेरला. घास हिरवागार उगवला, ऊस मागं कोंडला. कारखान्याची तोडणी टोळी येण्याआधी रस्ता मोकळा झाला नाही, तर ऊस फडातच वाळणार होता.

बाई तालुक्याला दानीएल वकिलांकडे गेल्या.

"वकीलसाहेब, रस्ता माज्या सासऱ्याच्याबी आधीपासनं हाय. तेवढं तहसीलदारांना लिहून द्या."

"लिहून?" वकिलांना बाईंची कणव आली. "मावशी, आता लिहायचं नसतं. आता प्रणालीत सहकार्य करायचं."

वकील संघानं नुकतीच ‘एकदिल’ नावाची प्रणाली घेतली होती. तिच्यात कृत्रिम बुद्धी होती. नैसर्गिक बुद्धीची सोय ज्यानं त्यानं आपली आपण करायची होती. प्रणाली आल्यापासून समोरासमोर बोलणं अनधिकृत ठरलं होतं. ज्युनिअर सिल्व्हिया हाताच्या अंतरावर बसे; तरी ‘रस्ता किती रुंद?’ हे साहेब तिला टिपणीत विचारीत आणि ती ‘माहिती मागवत आहे’ असं टिपणीतच कळवी.

"आठ फुटाचा हाय की," मध्ये बसलेल्या बाई म्हणाल्या.

"मावशी, तोंडी नका बोलू. नोंद होत नाही."

काटकसर म्हणून संघानं दोन टेबलांत प्रणालीचा एकच परवाना घेतला होता. शेजारच्या टेबलावर अजिनाथ वकील बसत. ते दिराचे वकील. दोघांचा चहा वर्षानुवर्षं एकाच किटलीतून येई आणि त्यात कुणाला काही गैर वाटलं नव्हतं. आता अर्ज आणि त्याचं उत्तर एकाच फायलीत वाढू लागलं, त्यातही वाटलं नाही.

"माझं वाक्य कोण खोडतंय?" एकदा दानीएल वकील ओरडले.

"तुमचं होतं व्हय ते?" अजिनाथ वकील म्हणाले. "मला वाटलं, यंत्राची चूक. ‘रस्ता आहे’ म्हणत होतं!"

दोघं खळखळून हसले. तोच पडद्यावर अक्षरं उमटली : ‘सहकाऱ्यांमध्ये मतभेद आढळला आहे. मिटवू का?’ जन्मभर मतभेदावर पोट भरलेल्या त्या दोघांना इतक्या मायेनं कुणी विचारलं नव्हतं. दोघांनी संमती दिली. वाचत बसायला वेळ कुणाला होता?

सुनावणीला अर्ज आणि उत्तर शब्दाशब्दाला सारखे निघाले : ‘रस्ता पूर्वी असावा. हल्ली नाही. याबद्दल उभय पक्षांस खेद नाही.’

"वा!" तहसीलदारसाहेब गहिवरले. "भाऊबंदकीत इतकी माया!"

"साहेब, मला खेद हाय की! लई हाय! ऊस कुठनं काढू?"

"बाई, तुमच्या अर्जात तसं नाही."

"मग मी काय लबाड बोलती?"

"तसं कुठं म्हणतोय? तुम्ही फक्त नोंदीत नाही."

बाईंनी दानीएल वकिलांकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईनं मोबाईलवर टिपणी टाकली : ‘अशील रडत आहे. उपाय सुचवा.’ यंत्रानं ती टिपणी ‘सोडवली’ अशी खूण करून पुसून टाकली. वकिलांना हायसं वाटलं.

सर्वांत जलद निकालाबद्दल संघानं समारंभ केला. शाल-नारळ देऊन बाईंना दोन शब्द बोलायला लावलं.

"टोळी आल्ती," बाई म्हणाल्या. "घास बघून माघारी गेली. तुमच्या एकमताला आग लागो!"

यंत्रानं आपोआप इतिवृत्त लिहिलं : ‘लाभार्थी भारावल्या.’

टोळी पुन्हा आली नाही. नांदायला निघालेली लेक दारातच म्हातारी व्हावी, तसा ऊस तुऱ्यावर येऊन उभ्या उभ्या पांढरा झाला.

आता आपण कामाची माणसं. एवढं वाचायला आपल्याला सवड कुठली? ही गोष्टही आपण यंत्राला देऊन सारांश मागवला असेल : ‘शेतरस्त्याचा वाद तंत्रज्ञानामुळे सामोपचारानं मिटला. महिलेचा सत्कार.’ चार गटांत पाठवून वर एक अंगठाही दिला असेल. न वाचता अंगठा देणाऱ्या माणसाला आपल्या आजोबांच्या काळी अडाणी म्हणत.