माणकोजी महाराजांचा तांबडा पोशाख आणि दर्याबाईंचे राज्य

जळदेवतांस दंडवत घालून, आणि खाऱ्या पाण्यात शाई टिकावी इतकीच कृपा मागून, ही हकीकत सांगतो. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सरी, समुद्राच्या पोटात, जेथे कोळ्याचे जाळे पोहोचत नाही ऐशा खोल प्रवाळाच्या कड्यावर, चिमुकल्या माशांचे एक राज्य होते. रयत बोटाएवढी, परंतु थाट ऐसा की थोरल्या दरबारांनी शिकावा. राजे माणकोजी महाराज. त्यांचा पोशाख जन्माचा, अंगावरच उमटलेला, तांबडालाल, कडेस पिवळी पट्टी, ऐसे वडिलांपासून ऐकिवात होते, आणि पाहिला मात्र कोणीच नव्हता. कारण तितक्या खोल उन्हाचा निळा अंश तेवढा उतरतो, तांबडा वरच विरतो, आणि मग तांबडे ते काळे दिसते. आणि काळे दिसे म्हणूनच शत्रूस दिसत नसे, आणि राज्य सुखरूप होते.

ऐशात वरील उथळ पाण्यातून एक पोपट मासा, पेशाने भाट, दरबारी आला. मनाचा वाईट नव्हता, जिभेचा सैल. त्याने अर्ज केला की वर उजेडात महाराजांचा पोशाख पाहतील त्यांचे डोळे निवतील. महाराजांच्या मनाने तेच घेतले. पट्टराणी दर्याबाईंनी परोपरीने विनविले, की वरच्या कपारीत हेकरू नावाचा थोरला शिकारी मासा बसतो, त्याचे तोंड आपल्या साऱ्या दरबाराएवढे. महाराज बोलिले, "आपला रंग आपणच न पाहिला, तर राजेपण कसले?" आणि निघाले. बाई मागोमाग कड्याच्या काठापर्यंत गेल्या. महाराज चढत गेले, आणि काळ्याचे तपकिरी जाहले, आणि तपकिरीचे एकाएकी तांबडे जाहले, ऐसे तांबडे की बाईंचे भान हरपले. महाराजांनीही आपले अंग वळून पाहिले, आणि आनंदाने एक गिरकी घेतली. मग हेकरूने तोंड उघडिले आणि मिटिले.

राज्यात हाहाकार जाहला. राजा संध्याकाळी नाचे तेव्हा राण्या अंडी सोडीत, ऐशी तेथील रीत. राजा नसता अंडी वाया, आणि अंडी वाया तर वंश बुडाला. कोणी म्हणाल्या, शेजारच्या कड्यावरून राजा मागून आणू. तेव्हा दिवाण शेवंडपंत, मोठ्या मिशांचे आणि थोड्या बोलण्याचे, बिळाबाहेर आले आणि पूर्वापार कायदा सांगितला, की या कुळात राजा पडला असता पट्टराणीच राजा होते, नुसती गादीवर बसून नव्हे, देहानेही. सर्वांनी दर्याबाईंकडे पाहिले. बाई बोलिल्या, "पंत, आम्ही राजे जाहलो, तर त्यांची राणी कोण राहील?"

खाली राण्या अंड्यांच्या भाराने कासावीस जाहल्या होत्या. बाईंनी ते पाहिले, आणि काठाकडे पाठ फिरविली, आणि गुहेत गेल्या. काही दिवसांत पाठीचे पर ताठ जाहले, कडेस पट्टी उमटली, पोहण्यात दरारा आला, आणि बाहेर आले ते दर्याजी महाराज. त्याच संध्याकाळी त्यांनी ऐसा नाच केला की पंतांनीही मिशा हलविल्या, आणि राण्यांनी अंडी सोडिली, आणि वंश राहिला. धन्य तो जीव. लढाया मारणारे पुष्कळ ऐकिले, राज्यासाठी स्वतःचे राणीपण सोडणारे आम्हांस हेच ठाऊक. महाराजांनी काठापलीकडे जाण्याची सर्वांस मनाई केली, आणि हेकरू उपाशी बसून कंटाळून दुसरीकडे गेला.

पुढे पोपट मासा पुन्हा आला, शरमिंदा होता, तरी खोड जाईना. म्हणाला, आता वर भय नाही, महाराजांनी आपला पोशाख एकवार पाहावा, थोरल्या महाराजांहून काकणभर सरसच असेल. दर्याजी महाराज रागावले नाहीत. बोलिले, "आमचा पाहून काय करावा? तांबडा रंग आम्ही एकदा पाहिला आहे. तो त्यांच्या अंगावर होता." आणि संध्याकाळ होत आली होती, म्हणून नाचास उठले.

येणेप्रमाणे दर्याजी महाराजांनी राज्य राखिले, आणि आयुष्यात स्वतःचा रंग पाहिला नाही. कडा बाहेरून अद्याप काळाच दिसतो. आत तांबडे नांदते. इतके सांगून लेखणी पुसली.