लालसिंग नायक आणि गंधकाची मॅटर

लालसिंग नायक कार्टून लावाच्या पहिले पागोटं बांधते. बनियनवर बसला असन तरी टीव्हीचं बटन दाबून आत जाते, लाल पागोटं बांधून बाहेर येते, मिशीवर हात फिरवते आन् पडद्याले हात जोडते. "राम राम, पंचहो." पडद्यावर त्या वेळी पँटवरून चड्डी घातलेले चार जण आभाळातून उडत चाललेले असतात. त्याच्यातला एकही राम राम घेत नाही. नायकाले त्याचं काही वाटत नाही. म्हणते, "घाईत असतीन बिचारे."

आमचं गाव दिग्रसच्या पुढं. गावाले लागून बंजाऱ्याचा तांडा, आन् तांड्याले लागून माहं वावर. मी जातीचा कुणबी, शिक्षण चौथी, तेही मास्तरनं कंटाळून पास केलेलं. लालसिंग या तांड्याचा नायक. त्याचा बाप नायक होता, आजाही होता. तांड्यात भांडण झालं की निंबाखाली नसाब बसे. नसाब म्हणजे त्याहीची पंचायत. नायक मधात, बाजूले कारभारी, समोर पंच. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आता पोट्टे पुण्याले गेले, भांडणं मोबाइलवर होतात आन् मोबाइलवरच मिटतात. नायक तसाच राहून गेला. निवाड्यावाचून नायक म्हणजे पिठावाचून चक्की. आवाज तेवढा करते.

कार्टून त्याच्या घरी आलं ते पोपटाच्या पायी. ज्वारी भरली की पोपट येतात. आम्ही सगळे वावरात सीड्या टांगतो. सूर्यात चमकल्या की पोपट बिचकते. दिग्रसले एक सीडीचं दुकान बंद झालं, मालकानं सगळा माल पोत्यात भरून काढला, नायकानं एक पोतं उचललं. निम्म्या सीड्या तारेले बांधून झाल्यावर त्याले एक डब्बा दिसला. डब्ब्यावर त्या चौघाचं चित्र. नायकानं सुनेले हाक मारली.

"विमल! हे लोक चड्डी वरून काहून घालून राह्यले?"

"सुपरहिरो हायत ते बाबूजी. लहान पोराचं कार्टून हाय."

"मोठ्यानं घातली तं चालन, लहान पोराले असं काहून दाखोते?"

विमलच्या माहेरून आलेली डीव्हीडीची मशीन पेटीखाली पडून होती. तिनं ती पुसली, तारा लावल्या, आन् सासऱ्याले गप्प बसवाले कार्टून लावून देलं. त्या दिवसापासून तिची सासू-सुनेची मालिका बंद आहे. अजून ती स्वतःच्या हातावर चिडते.

कार्टून असं. फौलाद लोखंड वाकवते. बिजली नावाची पोरगी हातातून करंट सोडते. पारा पाण्यासारखा दाराखालून निंघते. चिंगारी सगळ्यात लहान, तोंडातून ठिणग्या काढते. हे चौघं मिळून शहर वाचवतात. वाचवाचं कोणापासून, तं गंधकापासून. गंधक पिवळा धूर सोडते, मार खाते, पळून जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. बोलणं सगळं हिंदीत.

पहिल्या दोन सीड्या नायकानं हसत पाह्यल्या. तिसऱ्या सीडीत कळलं का गंधक पहिले त्याहीच्यातलाच होता. पाचवा. सभा चालू होती, फौलाद त्याले रागावला, आन् हा मधातूनच उठून गेला. नायकानं मशीन थांबवली. म्हणे, "विमल, हे मारामारीचं काम नोहे. हे जमातीची मॅटर हाय."

तिथून कार्टूनची नसाब झाली.

फौलादनं ठोसा उगारला की नायक बटन दाबे. ठोसा हवेत. "थांब रे! त्याचं बोलणं पुरं कुठं झालं?" मग सीडी मागं. गंधक काय म्हणला ते पुन्हा ऐकाचं, आन् रूपलाबुवाले सांगाचं. रूपलाबुवा तांड्यातला जुना पंच, कानानं ठार. नायक त्याच्या कानात बंजारा बोलीत बोंबलून गंधकाची बाजू मांडे, आन् दूर रोडवर जाणाऱ्या लोकाले वाटे का तांड्यात कोणाचं तरी भांडण पेटलं. एकदा तं मोटारसायकल थांबवून दोघं जण सोडवाले आले.

मी यात कसा आलो ते सांगतो. माही बुढी वारली. तेरवी झाली, पाहुणे गेले, पोरगा नोकरीवर गेला. लोक येत, माह्या तोंडाकडं पाहत, सगळ्यालेच एक दिवस जायचं म्हणत. मले हे माहीत नव्हतं जसं काही. मंग एक दिवस नायक आला. आंगणात उभाच राह्यला.

"नामदेव, मॅटर अटकून राह्यली. कारभारी पायजे. चाल."

"लालसिंग, मी कुणबी हाय. अन् माही बायको मेली."

"म्हणून तं रिकामा सापडला. चाल."

गेलो. घरी चुलीसमोर बसून काय करत होतो, चुलीकडंच पाहत होतो. कारभाऱ्याचं काम म्हणजे सभेत हाजरी घ्याची. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडे, "फौलाद हाजर हाय का?" फौलाद दिसला की मीच म्हणे, "हाजर!" पाऱ्याची हाजरी लागायले लई त्रास. तो दाराखालून घुसे, दिसतच नसे. नायक म्हणे, "गैरहाजर लिव." मी म्हणे, "कायच्यावर लिवू?" तो म्हणे, "डोक्यात लिव."

एक दिवस भर दुपारी लाइन गेली. टीव्ही बंद. मी उठलो, तं नायक गरजला, "बस! लाइन गेली, नसाब नाही गेली." बसलो. लाइन काही येईना. रूपलाबुवा चुळबुळ करे. शेवटी म्हणे, "नायक, मले लघवीले जायाचं हाय."

नायकानं त्याच्या कानात बोंबलून सांगतलं, "मधातून उठला तं जमातीच्या बाहेर!"

"मंग काढ बाहेर," बुवा म्हणे, "पन लवकर काढ."

विमल हसून हसून भिंतीले टेकली. मीही हसलो, बुढी गेल्यापासून पहिल्यांदा. नायक नाही हसला. आन् त्याचं कारण तांड्यात सगळ्याले माहीत आहे.

त्याचा लहाना भाऊ हरसिंग. बऱ्याच वर्सापहिले त्याच्या नांगरानं शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, खाल्ला. हातभर जागा. शेजारी नसाबीत गेला. दुसरा नायक असता तं भावाचं प्रकरण म्हणून बाजूले झाला असता. लालसिंग नाही झाला. भर सभेत भावाले बोलला, चांगला बोलला. निवाडा अर्धाच झालता, हरसिंग उठला, धोतर झटकलं आन् चालता झाला. बायको, भांडे, बैलं घेऊन झरी जामणीकडं जंगलात गेला. तिकडंच राह्यला.

आता रीत अशी का नसाबीतून उठून गेलेल्याले नसाबच वापस बोलावते. नायकानं भाऊ म्हणून, त्याहीच्या बोलीत भिया म्हणून, हाक मारली तं तो नायक राहत नाही. आन् नसाब बसाले पाच पंच लागतात. तांड्यात पंच म्हणावे असे उरले दोन, एक नायक आन् एक रूपलाबुवा. विमल कितीदा म्हणली, "बाबूजी, काकाजीले फोन करा ना." नायकाचं एकच. "फोनवर नसाब बसत नसते."

म्हणून गंधकानं किती बी धूर सोडला तरी नायक त्याचीच बाजू घे. "खुर्ची पाहा," म्हणे. चौघाच्या गोल टेबलाजवळ पाचवी खुर्ची रिकामी होती. "काढून फेकली का त्याहीनं? नाही फेकली. मंग?" यवतमाळचा वकीलही असा मुद्दा काढणार नाही. गंधकाले घरात घेतात का नाही, एवढ्यावर नायकाचा जीव टांगला होता. हे समजाले चौथीही पास व्हा लागत नाही.

मग शेवटची सीडी लावाची वेळ आली आन् डब्ब्यात सीडीच नाही. नायक पागोट्यासकट वावरात पळाला. सीडी ज्वारीत लटकून होती. त्यानंच टांगली होती, पहिल्या दिवशी, डब्बा पाहाच्या आधी. बाइंडिंगच्या तारेनं घासून घासून एका बाजूनं पांढरी झाली होती. सोडून आणली, धोतरानं पुसली, लावली.

चालली. गंधक सापडला. चौघाच्या समोर मान खाली घालून उभा राह्यला. बिजली रडली. फौलाद उठला, त्यानं तोंड उघडलं, आन् सीडी अटकली. फौलादचं तोंड तसंच उघडं.

कोलगेट लावून घासली. खोबऱ्याचं तेल लावलं. विमलनं पापड भाजल्यासारखी दुरून शेकून पाह्यली. नायकानं देवापुढं ठेवून नारळ फोडला, तं पाणी सीडीवरच उडालं. दिग्रसले नेली, दुकानवाल्यानं उलटीपालटी करून म्हणलं, "बाबा, हे पोपटालेच दाखवा." त्यानं मोबाइलवरही धुंडलं, कुठं भेटलं नाही. दरवेळी घरी येऊन लावाची, दरवेळी फौलाद तोंड उघडून उभा.

नायकानं जेवण सोडलं. दोन घास खाऊन ताट सरकवे. "काय बोलला असन तो, नामदेव?"

"बाबूजी, कार्टून हाय ते," विमल म्हणली.

"तुह्यासाठी हाय. गंधकासाठी नाही."

मले गोड बोलता येत नाही. बुढी हेच म्हणे का तुमची जीभ म्हणजे कोयता. मी म्हणलो, "लालसिंग, त्याच्या तोंडाकडं पाहत बसला तं तूही मरशीन, भाऊही मरन. फौलाद नाही बोलत तं आपण बोलू. बसव नसाब."

"पाच कुठून आणू?"

"तू, मी, रूपलाबुवा. विमल."

"बाई पंचात बसत नसते."

"कुणबी तरी कुठं बसते? मले बसवला ना तू?"

नायकानं बोटं मोजली. म्हणे, "चारच झाले."

मी टीव्हीकडं बोट केलं. "पाचवा तो. तोंड तं उघडूनच उभा हाय कवाचा."

नायकानं फौलादकडं पाह्यलं. पाचवा पंच म्हणून तपासला. मग सतरंजी आंथरली.

मी मॅटर मांडली. गंधक नावाचा इसम, सभेतून मधातच उठून गेला, त्याले वापस बोलवायचं का नाही. रूपलाबुवाच्या कानात बोंबलून सांगाले नायक वाकला, तं बुवानं त्याले हातानं दूर केलं.

"कोन गंधक? हरसिंग म्हण ना. मी बहिरा हाय, येडा नाही."

टीव्हीची मशीन तेवढी घरघरत होती. विमलनं पदर सावरला. "काकाजीले बोलवा," म्हणली, "माहं मत हे." बुवा म्हणला, "बोलवा." मी म्हणलो, "बोलवा." नायकाकडं पाह्यलं.

"माहं मत नाही धरता येत," तो म्हणला. "भाऊ हाय माहा. त्या दिवशीही धराले नव्हतं पायजे."

राह्यला फौलाद. आम्ही सगळ्यानं त्याच्याकडं पाह्यलं. तो नाही म्हणत नव्हता. मी निवाडा सांगून टाकला.

निरोप घेऊन कारभाऱ्यानं जाचं असते. मी निंघालो, तं नायक यवतमाळपर्यंत सोडतो म्हणून यष्टीत बसला. यवतमाळले म्हणे, पांढरकवड्यापर्यंत येतो, तिथून तुह्या तू जा. पांढरकवड्याच्या स्टँडवर माह्यासमोर बाटलीभर पाणी पेला, आन् झरीच्या गाडीत माह्या पहिले चढला.

हरसिंगचं घर जंगलाच्या कडेले. नायक दूर मोहाच्या झाडाखाली उभा राह्यला. निरोप देताना नायकानं समोर राहाचं नाही, म्हणे. हरसिंग वसरीत दोरी वळत होता. केस सगळे पांढरे. मी राम राम केला. म्हणलो, "नसाबीनं बोलावलं तुले."

त्याचा हात थांबला. "कोन कोन बसलं होतं?"

"मधात नायक. रूपलाबुवा. विमल. मी कारभारी."

"आन् पाचवा?"

"फौलाद."

"कोन्या तांड्याचा?"

"दूरचा हाय," मी म्हणलो. "लई बोलत नाही, पन माणूस चांगला."

हरसिंगनं मान हलवली. मग त्याची नजर माह्या मागं मोहाच्या झाडाकडं गेली. झाड काही एवढं जाड नव्हतं. तो उठला, वसरीच्या कडेले आला आन् तिथूनच म्हणला, "भिया, उनात काहून उभा हायस? आव, बेस."

नायक झाडामागून निंघाला. आला, भावाच्या बाजूले बसला, पायाकडं पाहत राह्यला. मग म्हणे, "पाणी हाय का?"

उठून गेलेल्याच्या घरचं पाणी घेतलं का तो जमातीत आला, अशी त्याहीची रीत आहे. हरसिंगनं तांब्या भरून देला. नायकानं एका दमात संपवला आन् समोर केला. पुन्हा भरला, पुन्हा संपवला. तहान नव्हती त्याले, मले माहीत होतं. पाणी दाढीतून छातीवर उतरत होतं, डोळ्याचं कोणतं आन् तांब्याचं कोणतं, समजत नव्हतं.

"भिया, पोट फुटन," हरसिंग म्हणला.

नायकानं रिकामा तांब्या पुन्हा पुढं केला.

"भर," म्हणे.